संकटास तोंड देणारें घर

घर कशासाठीं बांधावयाचें, असा प्रश्न वर्गांत विचारला तर ऊन, वारा व पाऊस यांपासून रक्षण व्हावें म्हणून, असें ठराविक उत्तर मिळतें. उत्तर चुकीचें नाहीं. परंतु तें अपुरें आहे. आपल्या सेलूकडील जुने वाडे ज्यांनीं बांधले, त्यांस हाच प्रश्न कोणी विचारला असता, तर त्यांनीं पावसाचें नांव पहिल्यानें घेतलें नसतें. पावसापेक्षां पाऊस न पडण्याचें भय त्यांस अधिक होतें. आणि त्याच्या खालोखाल भय होतें तें रात्रीं येणाऱ्या दरोडेखोरांचें. ह्या दोन भयांनीं आपल्या प्रांतांतील घरास त्याचा आकार दिला. पुढें एका तिसऱ्याच संकटानें त्या आकाराची फार कठोर परीक्षा घेतली. ती हकीकत, आणि तीवरून आज घर बांधणाऱ्यानें व घरांत राहणाऱ्यानें काय ध्यानांत घ्यावें, हें येथें सांगावयाचें आहे.

विद्यार्थिमित्रांनो, जुना वाडा आठवून पहा. आठवत नसेल तर आजोबांस विचारा. रस्त्याकडे तोंड करून एकच मोठा दरवाजा, आणि त्यांत माणूस वांकून जाईल एवढी लहान दिंडी. दरवाजा लावला कीं भिंतींतील पोकळींतून आडवा ओढून घ्यावयाचा जाड लांकडी अडसर. दिंडींतून शिरणाऱ्यास मान खालीं घालावीच लागते, आणि मान खालीं घातलेल्या माणसास हातांतील शस्त्र चालवितां येत नाहीं. दरवाज्याच्या आंत ढेलज, ढेलजेपुढें चौक, चौकाभोंवतीं ओसऱ्या व खोल्या, आणि चौकांत किंवा परसांत आड. बाहेरच्या भिंतींस खिडक्या जवळजवळ नाहींतच. उजेड यावयाचा तो चौकांतून व छपराच्या झरोक्यांतून. भिंती पांढऱ्या मातीच्या किंवा दगडमातीच्या, दोन-अडीच हात रुंद. वर लांकडी तुळया, तुळयांवर फळ्या, आणि फळ्यांवर मातीचा जाड थर; हेंच माळवद. वैशाखाच्या दुपारीं अशा घरांत पाऊल टाकलें म्हणजे जो गारवा लागतो, तो सिमेंटच्या खोलींत पंखा लावूनही मिळत नाहीं, हें ज्यांनीं दोन्ही घरांत दिवस काढले आहेत ते सांगतील.

अशा घराचें खरें मर्म मात्र न दिसणाऱ्या जागीं असे. दोन भिंतींच्या मधें धान्य कोंडण्यासाठीं बळद केलेलें असे, आणि जमिनीखालीं पेव. पेव म्हणजे तोंड अरुंद व पोट मोठें असा, एखाद्या प्रचंड रांजणासारखा खड्डा. तो काळ्या जमिनींत खणून चालत नाहीं, कारण काळी माती ओल धरून ठेवते. त्यास पांढरीची किंवा घट्ट मुरमाची जागा लागते. तळाशीं व बाजूंस कडबा आणि भूस यांचें अस्तर द्यावयाचें, आंत खणखणीत वाळलेली ज्वारी भरावयाची, तोंड झांकून वर माती लिंपावयाची, आणि तें जणूं विसरून जावयाचें. चोरानें घर धुंडाळलें तरी पायांखालचें धान्य त्यास दिसत नसे. घरास आग लागली तरी तें जळत नसे.

परंतु ज्वारी त्यांत किडत कशी नसे? ह्याचें कारण रसायनशास्त्राचें आहे. धान्याचा दाणा मेलेला नसतो. तो हळूहळू श्वासोच्छ्वास करीत असतो, व त्यांतील किडेही श्वास घेत असतात. पेवाचें तोंड बंद झालें म्हणजे आंतील हवेंतला प्राणवायु ह्या दोघांच्या श्वसनांत खर्ची पडतो आणि त्याच्या जागीं कर्बाम्ल वायु भरतो. प्राणवायु संपत आला कीं किडे मरतात आणि धान्य राहतें. आमच्या पूर्वजांस हे वायु नांवानें ठाऊक नव्हते, तरी त्यांचें काम त्यांनीं बरोबर करून घेतलें होतें. पेवांतली ज्वारी पुढें पेरण्यास मात्र उपयोगी पडत नसे, कारण पेवांत तिची उगवण्याची शक्ति क्षीण होते. म्हणून बियाण्याची ज्वारी राखेंत किंवा कडुलिंबाच्या पाल्यांत मिसळून निराळ्या कणगींत ठेवीत. खाण्याचा सांठा एका जागीं व पेरण्याचा दुसऱ्या जागीं, ही त्यांची रीत आजही विचार करण्यासारखी आहे.

येथें एक इशारा द्यावयास हवा. जो वायु किड्यास मारतो, तोच माणसासही मारतो. नुकत्याच उघडलेल्या पेवांत उतरणारा मनुष्य कांहीं क्षणांत बेशुद्ध पडतो, आणि त्याला काढण्यासाठीं घाईनें उडी टाकणारा दुसराही त्याच्याच शेजारीं पडतो. जुने लोक पेव उघडून चांगलें वारें लागूं देत, मग दोरीनें दिवा खालीं सोडीत. दिवा विझला तर कोणी उतरत नसे. दिवा जळत राहिला तरी एवढ्यावरच निर्धास्त होऊं नये. उतरणाऱ्याच्या कमरेस दोर बांधलेला असावा व वर ओढण्यास दोन धट्टेकट्टे गडी असावेत. बरेच दिवस न वापरलेल्या आडास व बंद टांक्यासही हाच नियम लागू आहे. आंत कोणी पडल्याचें दिसलें तर उडी टाकूं नका. ओरडून माणसें गोळा करा व दोर मागवा.

सांठ्याविषयीं देवगिरीची एक गोष्ट फरिश्ता नांवाच्या इतिहासकारानें लिहून ठेविली आहे. इ. स. १२९६ मध्यें अल्लाउद्दीन खिलजी देवगिरीवर अकस्मात् चालून आला. रामदेवराव यादव किल्ल्यांत शिरला. कोंकणच्या व्यापाऱ्यांचीं पोतीं वाटेवर पडलीं होतीं. तीं धान्याचीं समजून घाईघाईनें वर नेण्यांत आलीं. पुढें तीं उघडून पाहतात तों आंत मीठ! ज्या किल्ल्याचा कडा चढणें अशक्य, त्याच्या धन्यास उपाशी पोटांमुळें तह करावा लागला. किल्ला अभेद्य होता. उणीव एवढीच होती कीं पोतें वेळेवर कोणी उघडून पाहिलें नव्हतें. घरोघरच्या कोठीस हीच गोष्ट लागू पडते. कोठींत धान्य आहे, अशी समजूत असणें निराळें, आणि झांकण काढून हात घालून पाहणें निराळें.

आगगाडी आल्यावर पेवांचें महत्त्व कमी होऊं लागलें. मनमाडहून परभणीवरून हैदराबादेकडे जाणारा लोहमार्ग १९०० च्या सुमारास सुरू झाला व सेलू बाहेरच्या बाजारपेठांस जोडलें गेलें. एका प्रांतांत पिकलें नाहीं तर दुसऱ्या प्रांतांतून धान्य आणतां येऊं लागलें. १९७२ च्या दुष्काळांत महाराष्ट्रांतील असंख्य कुटुंबांनीं दुष्काळी कामांवर खडी फोडून, सुकडी खाऊन आणि मिलो नांवाच्या परदेशी लाल ज्वारीची भाकरी खाऊन दिवस काढले. धान्य आलें हें खरें. पण तें येईपर्यंतचे व तें विकत घेण्यास पैसा मिळेपर्यंतचे दिवस प्रत्येकास आपापल्या घरांतच काढावे लागले. २०२० च्या मार्च महिन्यांत साथीमुळें सारा देश बंद झाला, तेव्हां बाजार व मजुरी दोन्ही एकदम अडलीं, आणि आपल्या घरांत किती दिवसांचें आहे, हा प्रश्न शहरांतल्या लोकांसही पडला.

तर मग किती ठेवावें? हिशेब अवघड नाहीं. पांच माणसांच्या घरास दिवसास दोन किलो ज्वारी लागते असें धरलें, तर सहा महिन्यांस ३६० किलो, म्हणजे साडेतीन क्विंटलांहून थोडी अधिक होते. एवढी ज्वारी पत्र्याच्या दोन कोठ्यांत मावते; त्यासाठीं जमीन खणावी लागत नाहीं. दाणा दाताखालीं धरला असतां कटकन फुटला पाहिजे. तो चेंबला तर आणखी दोन दिवस उन्हांत पसरावा. कोठी कांठोकांठ भरावी, म्हणजे आंत हवा कमी राहते, व झांकणाची फट लिंपून घ्यावी. नवें धान्य आलें कीं जुनें आधीं संपवावें. धान्यांत ठेवावयाच्या विषारी गोळ्या बाजारांत मिळतात. त्यांत ॲल्युमिनियम फॉस्फाइड असतें, व हवेंतील ओलाव्यानें त्यांतून प्राणघातक वायु सुटतो. माणसें निजतात त्या घरांत ह्या गोळ्या कदापि ठेवूं नयेत. पालकांनीं हें वाक्य कृपा करून पुन्हां एकदां वाचावें.

आतां पाण्याकडे वळूं. चौकांतला आड हा वाड्याचा प्राण. वेढा पडो वा दरोडा येवो, पाण्यासाठीं बाहेर जावें लागत नसे. परंतु आपली भूमि काळ्या पाषाणाची आहे. वाळूंत जसें पाणी सर्वत्र मुरतें तसें ह्या पाषाणांत मुरत नाहीं. वरच्या झिजलेल्या मुरमांत व खालच्या भेगांत जें सांठतें तेवढेंच. म्हणून एका घरच्या आडास पाणी, तर शेजारच्या घरीं खडखडाट, असा प्रकार आपण नेहमीं पाहतों. पुढें विंधनविहिरी आल्या व शेंकडों फुटांवरचें पाणी उपसलें जाऊं लागलें. वरचे आड मात्र कोरडे पडत चालले. सेलू तालुक्यांतच दुधना नदीवर मोठें धरण झालें आहे. तरीही पाऊस लागोपाठ दोन वर्षें रुसला तर धरण काय करील? २०१६ च्या एप्रिलांत लातूर शहरास पाणी पाजण्यासाठीं मिरजेहून आगगाडीच्या टांक्या भरून आणाव्या लागल्या, ही गोष्ट जुनी झालेली नाहीं.

छपरावर पडणाऱ्या पाण्याचा हिशेब आमच्या विद्यार्थ्यांनीं अवश्य करून पहावा. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे बरोबर एक लिटर पाणी होतें. समजा छप्पर १०० चौरस मीटर आहे व वर्षांत ८०० मिलिमीटर पाऊस पडला. म्हणजे ८०,००० लिटर पाणी आपल्या डोक्यावरून वाहून गेलें. अवर्षणाच्या वर्षीं पाऊस निम्मा झाला व त्यांतील पांचवा हिस्सा उडून-सांडून वायां गेला, तरी ३२,००० लिटर उरतें. आतां गरज पहा. पिणें व स्वयंपाक यांस माणशीं दिवसाचें सात लिटर धरलें, तर पांच जणांस ३५ लिटर. फेब्रुवारीपासून जूनच्या मध्यापर्यंतच्या सुमारें १३५ दिवसांस ४,७२५ लिटर. दोन मीटर लांब, दीड मीटर रुंद व एक मीटर सत्तर सेंटिमीटर खोल, एवढ्या टांक्यांत हें पाणी मावतें! आंघोळ, धुणें व गुरें यांचें पाणी ह्यांत येत नाहीं, हें खरें. परंतु घसा ओला करणारें व भाकरीचें पीठ मळणारें पाणी येतें.

असें टांकें जमिनींत किंवा जमिनीवर असावें. माळवदावर कधींही नसावें, कारण पांच हजार लिटर पाण्याचें वजन पांच टन असतें. पहिल्या एक-दोन सरींचें पाणी टांक्यांत जाऊं न देतां सोडून द्यावें, म्हणजे छपराची धूळ व पांखरांची घाण निघून जाते. झांकण इतकें घट्ट असावें कीं डांसास आंत शिरतां येऊं नये व उजेड जाऊं नये; आणि लहान मुलांच्या हातून तें उघडूं नये. तुरटीनें पाणी निवळतें, पण त्यांतील रोगजंतु मरत नाहींत. पिण्याचें पाणी उकळूनच घ्यावें.

येथपर्यंत जुन्या वाड्याची स्तुति झाली. आतां त्याचा दोष सांगणें प्राप्त आहे, आणि तो सांगतांना मन जड होतें.

१९९३ सालच्या २९ सप्टेंबरास अनंत चतुर्दशी होती. गणपतीचें विसर्जन करून माणसें रात्रीं उशिरां निजलीं होतीं. पहाटे चार वाजण्यास चार मिनिटें असतां लातूर जिल्ह्यांतील किल्लारीच्या परिसरांत भूकंप झाला. किल्लारी सेलूच्या दक्षिणेस सुमारें दीडशें किलोमीटरांवर आहे. जगांत ह्याहून मोठे भूकंप अनेक झाले आहेत. परंतु ह्या भूकंपांत लातूर व उस्मानाबाद (आतांचें धाराशिव) ह्या दोन जिल्ह्यांत मिळून साडेसात हजारांहून अधिक माणसें मेलीं. ज्या भिंतींनीं पिढ्यान् पिढ्या दरोडेखोरांस बाहेर थोपविलें, त्याच भिंती व तेंच माळवद निजलेल्या माणसांवर कोसळलें.

असें कां झालें? दगडमातीची रुंद भिंत वरून पाहतां एकसंध दिसते, परंतु बहुधा ती दोन पातळ भिंतींची जोडी असते; बाहेरचा थर निराळा, आंतला निराळा, व मधें दगडाच्या कपच्या आणि चिखल. उभा भार ती मुकाट्यानें शंभर वर्षें सोसते. जमीन आडवी हलली म्हणजे मात्र दोन्ही थर एकमेकांपासून सुटून फुगतात व ढांसळतात. वर माळवदाचें ओझें. दर पावसाळ्याआधीं गळूं नये म्हणून मातीचा नवा थर टाकावयाचा, आणि जुना काढावयाचा कोणी नाहीं! अशा रीतीनें छप्पर वर्षानुवर्षें जाड होत जातें. जितकें वजन अधिक, तितका भूकंपाचा हिसका अधिक. शिवाय खिडक्या नाहींत, दार एक, व तेंही चौक ओलांडून पलीकडे. बाहेरच्यास आंत येणें कठीण करतांना आंतल्यास बाहेर पडणें कठीण होऊन बसलें होतें.

मात्र एक गोष्ट तेव्हां तज्ज्ञांच्या नजरेस आली, ती फार बोलकी आहे. ज्या घरांत छपराचा भार भिंतीवर नसून लांकडी खांब व तुळया यांच्या चौकटीवर होता, अशीं कित्येक घरें भिंती पडल्यावरही उभीं राहिलीं. आपल्याकडे घर 'इतक्या खणांचें' असें सांगतात, तो खण म्हणजे ह्याच खांबांमधील जागा. जुन्या सुतारानें सांधे चांगले बसविले होते तेथें माणसें वांचलीं. म्हणजे जुनी विद्या सर्वस्वी खोटी ठरली नाहीं. तिचा एक भाग तारक ठरला व एक मारक.

भूकंपानंतर बावन्न गांवें नव्या जागीं वसविण्यांत आलीं, आणि इतर असंख्य घरें न पाडतां बळकट करण्यांत आलीं. त्यासाठीं जे उपाय योजले ते साधे आहेत व आपणांसही करतां येतात. भिंतींत जागोजाग आरपार जाणारे लांब दगड बसवावेत, म्हणजे आंतला व बाहेरचा थर एकमेकांस धरून राहतात. दारांच्या चौकटींवर, चारी भिंतींस वळसा घालणारा सळईयुक्त सिमेंटचा पट्टा द्यावा; पेटीला दोरी बांधावी तसा तो घरास बांधून ठेवतो. माळवदावरील जास्तीची माती खरवडून काढावी. खांब व तुळई यांच्या सांध्यांत तिरक्या लांकडी टेकू माराव्यात. नवें घर बांधावयाचें असेल तर काळ्या जमिनीवर पाया उथळ ठेवूं नये; ही माती पावसाळ्यांत फुगते, उन्हाळ्यांत आकसून भेगाळते, व तिच्याबरोबर भिंतही तडकते. पाया खालच्या मुरमापर्यंत न्यावा. ह्यांत चार पैसे अधिक जातात, हें आम्ही जाणतों. पण रंग, नक्षी व कठडे यांवर जो खर्च आपण हौसेनें करतों, त्यांतला थोडा पायांत गाडला तर वाईट काय?

भूकंप आपल्यापासून दूर आहे, अशा भ्रमांतही राहूं नये. २०२४ च्या मार्चांत व पुन्हां जुलैंत हिंगोली, परभणी व नांदेड ह्या भागांत धक्के बसले. ते मध्यम होते व थोडक्यांत निभावलें. दगडमातीच्या घरांत धक्का जाणवला व दार जवळ असलें, तर तत्काळ उघड्यावर जावें. पक्क्या काँक्रीटच्या इमारतींत असाल तर पळापळ न करतां बळकट मेजाखालीं डोकें झांकून बसावें व धक्का थांबल्यावर बाहेर पडावें.

घर कितीही उत्तम बांधलें तरी कधीं कधीं तें सोडून जाण्याचीच वेळ येते, हेंही मराठवाड्यानें पाहिलें आहे. १९४७-४८ सालीं रझाकारांच्या धामधुमींत निजामाच्या राज्यांतील कितीतरी कुटुंबें भरलेलें घर मागें टाकून रातोरात सरहद्दीपलीकडे गेलीं. तेथें पेवाचा उपयोग नव्हता. जें डोक्यावर घेऊन चालतां आलें तेवढेंच आपलें. म्हणून दाराजवळच्या कोनाड्यांत एक लहान पेटी असावी. जमिनीचे उतारे, शाळेचे दाखले, औषधें व त्यांची चिठ्ठी, थोडी रोकड, विजेरी व कागदावर लिहिलेले नातलगांचे फोन क्रमांक तिच्यांत असावेत. क्रमांक कागदावरच लिहावेत. यंत्र बंद पडलें कीं आपल्या बहिणीचाही क्रमांक आठवत नाहीं, अशी आजची स्थिति आहे.

आणि घरास दुसरें दार असावें. मागच्या परसाकडे, आंतून सहज उघडणारें, ज्याच्यापुढें सरपण, सायकल किंवा धान्याचीं पोतीं रचलेलीं नाहींत असें. पुष्कळ घरांत तें असतें. पण लक्षांत कधीं येतें? वर्षानुवर्षें न उघडल्यामुळें कडी गंजून बसली आहे, हें ज्या दिवशीं तें उघडावें लागतें त्या दिवशीं.

मुलांनीं आज रात्रीं एवढें करावें. सर्व दिवे मालवून आपल्या अंथरुणापासून पुढच्या दारापर्यंत किती पावलें होतात व मागच्या दारापर्यंत किती, तें हातानें भिंत चांचपीत मोजावें. वाटेंत जें जें पायास अडकेल, तें सकाळीं उचलून बाजूस ठेवावें. घरांत आजी असेल तर तिचा हात धरून तीच वाट पुन्हां चालावी, आणि तिला लागलेलीं पावलें निराळीं लिहून ठेवावींत. तीं अधिक भरतील.